पडद्यावरचा नकाशा आणि गावाचे शिवार

अहिल्यानगर जिल्ह्याचा भूगोल एका वाक्यात सांगणे कठीण आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यात महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंचीवर उभे आहे आणि घाटघर-रतनवाडीच्या परिसरात पावसाळाभर धुवाधार पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यातील पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांत मात्र मृगाच्या सरींची वाट पाहण्यात शेतकऱ्याच्या कित्येक पिढ्या गेल्या आहेत. उत्तरेस गोदावरी, दक्षिणेस भीमा आणि या दोहोंच्या दरम्यान प्रवरा, मुळा, सीना अशी ही भूमी आहे. १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्राचा आणि चौदा तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. अशा जिल्ह्यात बंधारा कोठे घालावा, चर कोणत्या उतारावर खोदावेत, झाडे कोठे लावावीत हे ठरविताना नकाशावाचून चालत नाही.

१९७२ च्या दुष्काळात या भागात हजारो हात कामावर होते, परंतु त्या कामांचे नकाशे फार थोड्यांच्या नजरेस पडत. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे कचेरीच्या कपाटात असत व त्यांतील बरेच सामान्य नागरिकास मिळतही नसत. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा आयआरएस-१ए हा सुदूर संवेदन उपग्रह अवकाशात गेला आणि त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची स्थापना झाली. १२ ऑगस्ट २००९ रोजी इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ सुरू झाले. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र शासनाने जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमुळे भूस्थानिक माहितीवरील अनेक बंधने सैल झाली. आज ग्रामपंचायतीच्या साध्या संगणकावरही उपग्रहाने टिपलेले गावाचे शिवार पाहता येते.

तथापि नकाशा पाहता येणे आणि त्यावर विसंबून निर्णय घेणे यांत अंतर आहे. ते अंतर ओळखले नाही तर पडद्यावरचे रंगीत चित्र गावाची दिशाभूल करू शकते. असे नकाशे संगणकावर कसे आणावेत आणि त्यांच्यावर कोठपर्यंत भिस्त ठेवावी, याची ओळख अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. तेव्हा येथील विवेचन तंत्रज्ञाचे नसून, ठेचा खात शिकलेल्या विद्यार्थ्याचे आहे, हे आरंभीच सांगणे उचित होय.

अभिलेख कक्ष आणि नक्कल

इंटरनेटवरून नकाशा पुरविण्याच्या या पद्धतीस ‘वेब मॅप सर्व्हिस’ किंवा संक्षेपाने ‘डब्ल्यूएमएस’ असे म्हणतात. नाव परके असले तरी कल्पना आपल्या परिचयाची आहे. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून आपण नक्कल मागतो, तेव्हा मूळ नोंदवही कक्षाबाहेर येत नाही. कोणत्या गावाची, कोणत्या गटाची, कोणत्या वर्षाची नक्कल हवी हे अर्जात लिहावे लागते आणि मग तेवढ्याच भागाची प्रत हाती पडते. डब्ल्यूएमएसचा व्यवहार नेमका असाच चालतो. मूळ माहिती दूरच्या सर्व्हरवर राहते. आपला संगणक अर्ज करतो आणि सर्व्हर त्या अर्जाबरहुकूम एक चित्र तयार करून पाठवितो.

या व्यवहारात तीन प्रकारचे अर्ज असतात. पहिल्यात ‘आपल्याकडे काय काय आहे?’ असे विचारले जाते व सर्व्हर उपलब्ध थरांची यादी देतो. दुसऱ्यात प्रत्यक्ष नकाशा मागितला जातो. कोणता थर, भूभागाच्या चार कडा कोणत्या, चित्र किती रुंद व किती उंच हवे, हे सारे त्यात नमूद असते. तिसऱ्यात नकाशावरील एखाद्या ठिकाणी बोट ठेवून ‘येथे काय नोंद आहे?’ असे विचारता येते. मात्र हा तिसरा अर्ज स्वीकारावा की नाही, हे सर्व्हर चालविणारी संस्था ठरविते.

‘ओपन जीओस्पेशियल कन्सॉर्शियम’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने या अर्जांचा नमुना २००० साली निश्चित केला आणि २००५ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. सर्वांचा अर्ज एकाच नमुन्याचा झाल्याने हैदराबादच्या सर्व्हरवरील नकाशा आणि अमेरिकेच्या सर्व्हरवरील नकाशा एकाच पडद्यावर, एकावर एक ठेवून पाहता येऊ लागला.

ठिपक्यांची जाळी आणि गुंठ्याचा हिशेब

उपग्रहाचे चित्र म्हणजे चौकोनी ठिपक्यांची जाळी होय. तिलाच ‘रास्टर’ म्हणतात व तिच्यातील एकेका चौकोनास ‘पिक्सेल’. त्या चौकोनाएवढ्या जमिनीविषयी चित्रात एकच नोंद असते. चौकोनाच्या आत काय काय आहे, हे त्यावरून कळत नाही. म्हणून कोणताही थर उघडण्यापूर्वी त्याच्या एका पिक्सेलमध्ये किती जमीन सामावते, हे विचारावे.

आपल्या मापात हा हिशेब सोपा आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रांतील १० मीटरचा पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक गुंठा. भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहावरील लिस-३ या संवेदकाचा साडेतेवीस मीटरचा पिक्सेल म्हणजे सुमारे साडेपाच गुंठे. त्याच उपग्रहावरील लिस-४ चा ५.८ मीटरचा पिक्सेल म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सा. जगभरच्या रोजच्या चित्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या मोडिस संवेदकाचा २५० मीटरचा पिक्सेल मात्र सवासहा हेक्टरचा, म्हणजे सुमारे साडेपंधरा एकरांचा असतो.

यावरून उपयोगही ठरतो. जिल्ह्यात हिरवाई कोठे टिकली व कोठे करपली हे पाहण्यास मोडिस पुरेसे आहे, पण एका वस्तीवरचे पीक पाहण्यास ते निरुपयोगी होय. ३० मीटर लांब व तितकेच रुंद शेततळे सेंटिनेलच्या चित्रात नऊ ठिपके व्यापते, तर लिस-३ च्या चित्रात त्याच्या वाट्यास दोन ठिपकेही पुरते येत नाहीत. आणि बांधावरून दोन भावांत वाद असेल तर यांतील कोणत्याही चित्राने तो मिटणार नाही. हद्द कायम करणे हे भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीचेच काम आहे.

थर संगणकावर आणताना

यासाठी ‘क्यूजीआयएस’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर सोयीचे आहे. २००२ साली त्याचा आरंभ झाला आणि जगभरातील स्वयंसेवकांनी ते वाढविले. परवान्याचा खर्च नसल्याने शाळा व ग्रामपंचायती यांना ते विशेष उपयुक्त आहे.

सॉफ्टवेअर उघडल्यावर ‘लेयर’ या सूचीतून ‘ॲड लेयर’ व त्यातून ‘ॲड डब्ल्यूएमएस/डब्ल्यूएमटीएस लेयर’ हा पर्याय निवडावा. समोर आलेल्या चौकटीत ‘न्यू’ दाबून जोडणीस ओळखीचे नाव द्यावे व संबंधित संस्थेने प्रसिद्ध केलेला सेवेचा पत्ता जसाच्या तसा भरावा. ‘कनेक्ट’ दाबताच थरांची यादी येते. हवा तो थर निवडून ‘ॲड’ दाबले की नकाशा पडद्यावर उमटतो.

येथे काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जमीनवापरासारख्या ठळक रंगांच्या नकाशासाठी पीएनजी प्रकार निवडावा. त्यात रंगांच्या कडा स्वच्छ राहतात व थर पारदर्शक ठेवता येतो. उपग्रहाच्या छायाचित्रासारख्या चित्रासाठी जेपीईजी बरा, कारण ते लवकर उतरते. नकाशा सरकविला वा लहानमोठा केला की प्रत्येक वेळी नवा अर्ज जातो. तेव्हा गावात संपर्क मंद असल्यास संयम ठेवावा. त्यापेक्षा बरे म्हणजे चांगला संपर्क असलेल्या ठिकाणी आपल्या गावापुरता भाग चित्ररूपाने संगणकात साठवून ठेवावा. सेवेच्या नावातील ‘डब्ल्यूएमटीएस’ हा याच कुळातील दुसरा प्रकार होय. त्यात सर्व्हर आधीच करून ठेवलेले चौकोनी तुकडे पाठवितो, म्हणून तो अधिक जलद असतो.

आणखी एक स्थानिक बाब सांगितली पाहिजे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. त्यापूर्वी तयार झालेल्या थरांत ‘अहमदनगर’ हेच नाव आढळते. शोधताना दोन्ही नावे वापरावीत, म्हणजे ‘आपल्या जिल्ह्याची माहितीच नाही’ असा गैरसमज होणार नाही.

नगर शहर बर्फाळ समुद्रात

प्रस्तुत लेखकाने पहिल्यांदा असा थर जोडला, तेव्हा पडद्यावर नुसता पांढरा चौकोन आला. दोष प्रथम इंटरनेटला दिला, नंतर संगणकाला. खरा दोष निराळाच निघाला.

नगर शहर सुमारे १९.१ उत्तर अक्षांश व ७४.७ पूर्व रेखांश यांवर वसले आहे. डब्ल्यूएमएसच्या जुन्या आवृत्तीत स्थान सांगताना आधी रेखांश व मग अक्षांश लिहीत. १.३.० या आवृत्तीपासून ४३२६ क्रमांकाच्या प्रचलित निर्देशांक पद्धतीसाठी हा क्रम उलटला आणि आधी अक्षांश येऊ लागला. सर्वच सर्व्हर हा बदल नीट पाळतात असे नाही. मग संगणक एक क्रम धरून विचारतो आणि सर्व्हर दुसरा धरून उत्तर देतो. आपले आकडे उलटे वाचले की ७४.७ उत्तर अक्षांश व १९.१ पूर्व रेखांश हे ठिकाण येते. ते नॉर्वेच्या उत्तरेस, आर्क्टिक प्रदेशातील बेअर बेटाजवळच्या समुद्रात आहे! तेथे ना मुळा, ना सीना. पांढरा चौकोन येणारच.

यावर उपाय सोपा आहे. जोडणीच्या चौकटीत अक्षांचा क्रम उलटा करण्याची अथवा त्याकडे दुर्लक्ष करण्याची खूण असते. ती बदलून पाहावी. तरीही चित्र न आल्यास नकाशा थोडा मोठा किंवा लहान करावा, कारण काही थर ठरावीक प्रमाणाच्या पलीकडे दिसत नाहीत. आणि चित्र आले तरी ते आपल्याच जागी आहे ना, हे मुळा धरणाचा जलाशय किंवा रेल्वेमार्ग अशा ठळक खुणेवरून पडताळावे.

न पडलेले पाणी

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. डब्ल्यूएमएसमधून जे येते ते नकाशाचे चित्र असते, मूळ आकडे नव्हेत. उंचीच्या नकाशात डोंगर तपकिरी व दरी हिरवी दिसली तरी त्या रंगामागे असलेली उंचीची संख्या आपल्या संगणकात आलेली नसते. त्यामुळे त्या चित्रावरून उतार काढणे, पाणलोटाची सीमा आखणे ही कामे होत नाहीत. त्यासाठी मूळ आकडे उतरवून घ्यावे लागतात किंवा ‘वेब कव्हरेज सर्व्हिस’ ही निराळी सेवा वापरावी लागते. भुवनवरून भारताच्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या आधारे तयार केलेले भूपृष्ठाच्या उंचीचे आकडे उतरवून घेण्याची सोय करण्यात आली, ती याच कामासाठी. पाहण्यास नक्कल चालते, मोजण्यास मूळ दप्तर लागते, हा नियम कायम लक्षात ठेवावा.

क्षेत्र मोजताना तर अधिकच सावध राहावे लागते. इंटरनेटवरील बहुतेक पार्श्वनकाशे ‘वेब मर्केटर’ या प्रक्षेपात असतात. गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडताना हा प्रक्षेप विषुववृत्तापासून दूरचे प्रदेश फुगवितो. आपल्या अक्षांशावर लांबी सुमारे ६ टक्के आणि क्षेत्र सुमारे १२ टक्के वाढून दिसते. क्यूजीआयएसमध्ये पृथ्वीच्या गोलाईचा विचार करून मोजण्याची सोय आहे, परंतु ती मांडणी नसेल व मोजणी सपाट चित्रावरच झाली, तर ही फूग तशीच उत्तरात उतरते.

याचा परिणाम एका परिचित गावाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर आहे व पाऊस सरासरीने ४०० मिलिमीटरच्या आसपास. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत मृद् व जलसंधारणाची कामे केली, पावसाचे मोजमाप ठेवले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरविण्याची प्रथा रुजविली. या कार्यासाठी श्री. पवार यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. अनेक गावे आज त्यांचे अनुकरण करू पाहतात.

समजा, एवढ्याच आकाराच्या एखाद्या गावाने आपले क्षेत्र फुगलेल्या नकाशावर मोजले. ९७६ हेक्टरांच्या जागी सुमारे १,०९० हेक्टर असे उत्तर येईल. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडते. तेव्हा ४०० मिलिमीटर पावसाच्या हिशेबात या जादा ११४ हेक्टरांपोटी सुमारे ४५ कोटी लिटर पाणी कागदावर जमा होईल. प्रत्यक्षात त्यातील एक थेंबही पडलेला नाही. त्या आकड्यावर विसंबून गावाने रब्बीचे क्षेत्र वाढविले, तर उभे पीक माघात वाळेल आणि चैत्रात टँकरची मागणी करावी लागेल. नकाशातील चुकीची किंमत अशा रीतीने विहिरीच्या तळाशी वसूल होते.

यावर दोन उपाय आहेत. मोजणीपूर्वी प्रकल्पाचा प्रक्षेप यूटीएम विभाग ४३ उत्तर, म्हणजे ३२६४३ या क्रमांकाचा ठेवावा. आपला जिल्हा या विभागाच्या मध्यरेषेच्या, म्हणजे ७५ पूर्व रेखांशाच्या दोन्ही बाजूंना पसरला असल्याने तेथे मापातील चूक नगण्य असते. आणि आलेले उत्तर तलाठी दप्तरातील गावाच्या एकूण क्षेत्राशी ताडून पाहावे. दोहोंत मोठी तफावत असेल तर आधी नकाशावर संशय घ्यावा.

रंग काय सांगतो व काय सांगत नाही

भुवनवर जमीनवापराचे १:५०,००० प्रमाणावरील नकाशे २००५-०६, २०११-१२ व २०१५-१६ या आवर्तनांचे आहेत. एकाच गावाचे तीन काळांतील चित्र शेजारी ठेवले तर पीकक्षेत्र, पडीक जमीन व पाणी यांतील फेरबदलाचा अंदाज येतो, आणि शिक्षकांना याहून चांगला भूगोलाचा पाठ क्वचितच मिळेल. परंतु हे नकाशे त्या त्या वर्षांचे आहेत, आजचे नव्हेत. शिवाय या प्रमाणावर नकाशातील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील ५० मीटर. तीन मिलिमीटर बाजूचा इवलासा चौकोन सव्वादोन हेक्टर जमीन व्यापतो. त्याहून लहान गोष्टी अशा नकाशात शोधू नयेत.

वर्गांच्या नावांतही अर्थाचे खड्डे असतात. दख्खनच्या पठारावरील बरीचशी माळराने अशा नकाशांत ‘पडीक’ किंवा ‘झुडपी’ या वर्गात मोडतात. वर्गीकरणाच्या दृष्टीने ते चूक नसेलही, कारण तेथे नांगर चालत नाही. पण त्याच माळावर मेंढपाळांचे वाडे उतरतात, गावची गुरे चरतात. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे अवघ्या २.१७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य १९८० मध्ये जाहीर झाले, ते अशाच गवताळ माळावरील काळविटांसाठी. नकाशावरचा रंग पाहून ‘ही जागा रिकामी आहे’ असा शेरा मारणे सोपे आहे. ती कोणासाठी रिकामी, हे मात्र उपग्रहास विचारून कळत नाही.

नकाशा घेऊन शिवारफेरी

तर मग या नकाशांचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी करील. उपयोग मोठा आहे. जलयुक्त शिवार अभियानात शिवारफेरीची पद्धत रूढ झाली आणि कामांची छायाचित्रे स्थाननोंदीसह जतन करण्यासाठी नागपूरच्या केंद्राने मोबाइलवरील व्यवस्थाही सिद्ध केली. या फेरीस निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीने उपग्रहचित्र व जमीनवापराचा थर कागदावर मोठा छापून घ्यावा. त्याच्या कोपऱ्यात थराचे नाव, तो पुरविणारी संस्था, माहितीचे वर्ष, प्रमाण व प्रक्षेप या पाच गोष्टी अवश्य लिहाव्यात. ज्या नकाशावर वर्ष नाही, तो ग्रामसभेपुढे मांडू नये.

मग तो कागद घेऊन गावाने शिवार चालावे. सोबत शाळेचे विद्यार्थी असावेत, तसेच ज्यांच्या पायांना प्रत्येक ओघळ ठाऊक आहे असे वृद्ध शेतकरी, मेंढपाळ आणि पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या स्त्रियाही असाव्यात. नकाशात दिसणारा पाझर तलाव गाळाने भरला असेल, तर तशी खूण करावी. पडीक दाखविलेल्या जागेवर चराई असेल, तर तसे लिहावे. नकाशात नसलेला झरा सापडला, तर तो नोंदवावा. परतल्यावर या सर्व खुणा क्यूजीआयएसमध्ये नव्या थरावर उतरवाव्यात. तो थर गावाचा स्वतःचा असेल आणि ग्रामपंचायत विकास आराखड्याला त्याचा भक्कम आधार मिळेल.

दूरच्या सर्व्हरवरून आलेले चित्र हे गावाच्या विचारविनिमयाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. अधिकाऱ्यांनी ते टेबलावर पाहून थांबू नये, आणि पंचायत सदस्यांनी ते यंत्राने दिले म्हणून निमूटपणे स्वीकारू नये. उंचावरून पाहणारा उपग्रह आणि बांधावरून चालणारा माणूस या दोघांची साक्ष जेथे जुळेल, तेथेच कुदळ मारावी. बंधारा योग्य जागी पडला की नाही, याचा निवाडा शेवटी पडद्यावर होत नाही, तो येत्या उन्हाळ्यात गावच्या विहिरीत होतो.